सदतीस चुकांचे पुस्तक

सन १९३१, जुलैची सहा तारीख, सोमवार. रक्कम एक पैसा. हजर मंडळी: मी, आमचे हेडमास्तर, सहावी इयत्तेचे चौदा विद्यार्थी आणि पाऊस उघडायची वाट पाहत शाळेच्या ओटीवर बसलेला पोस्टमन. एवढ्यांच्या समक्ष मी जाहीर केले की, माझ्या पुस्तकात जो विद्यार्थी चूक दाखवील त्याला दर चुकीमागे एक पैसा रोख मिळेल.

हे मी उदारपणे केले असे कोणी समजू नये. पुस्तकात चूक नाही अशी माझी खात्री होती. छापखान्याची मुद्रिते मी तीन वेळा तपासली होती, तिसऱ्या वेळी तर शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे. फार तर आठ ठिकाणी काना-मात्रा उडाली असेल, म्हणजे दोन आणे. दोन आण्यांत चौदा मुले पुस्तक उघडून बसत असतील तर खर्च वाजवी, असा माझा हिशेब होता.

शाळा अलिबाग आणि मुरुड यांच्या मधल्या एका गावात, समुद्रापासून सव्वादोनशे पावलांवर. मी स्वतः म्हसळ्याकडच्या आतल्या गावचा, भातशेतीच्या घरातला. सरकारी क्रमिक पुस्तकातल्या गणितांत दोन नळ एक हौद भरत आणि एक आगगाडी दुसरीला मागे टाकी. आमच्या गावात नळ नव्हता. आगगाडीत बसलेला विद्यार्थी चौदांत एकच होता आणि तो सबंध प्रवासभर झोपला होता. मुलांचे लक्ष गणितात नसे, खिडकीबाहेर समुद्रावर असे. तेव्हा समुद्रच गणितात आणावा असे मला सुचले. होड्या, बांगडे, मीठ, नारळ, भात यांची एकशेवीस गणिते मी दोन वर्षे खपून रचली, त्यांना 'समुद्रकाठची उदाहरणे' असे नाव दिले आणि गिरगावातल्या एका छापखान्यातून स्वखर्चाने छापून घेतली.

प्रती पाचशे, किंमत चार आणे. छपाई आणि बांधणी एकशे दहा रुपये, आगबोटीचे व बैलगाडीचे भाडे दोन रुपये सहा आणे. दीड वर्षात विक्री अठ्ठावीस प्रती. भेट अकरा. घरात शिल्लक चारशे एकसष्ट. अभिप्रायासाठी पुण्याच्या एका मासिकाला दोन प्रती पाठवल्या होत्या, त्या या अकरांतच धरल्या आहेत. सात महिन्यांनी अभिप्राय छापून आला: 'बांधणी बरी आहे.' बांधणी मी केलेली नव्हती.

शिल्लक प्रतींची व्यवस्था पत्नीने लावली. पावसाळ्यात जमिनीला ओल येते, म्हणून तिने तांदळाच्या गोणी पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर चढवल्या.

मी म्हटले, "अगं, पुस्तकांना ओल लागेल."

ती म्हणाली, "लागू दे. पुस्तकं कुठे आपल्याला खायची आहेत?"

एक आशा मात्र होती. पुस्तक शिक्षणखात्याच्या मंजूर यादीत यावे म्हणून मी अर्ज केला होता, आणि दिवाळीनंतर डिप्टीसाहेब शाळा तपासायला येतील तेव्हा पुस्तक वर्गात कसे चालते ते पाहून शिफारस करतील, असे उत्तर आले होते. यादीत नाव आले की किनाऱ्यावरची प्रत्येक शाळा प्रती घेणार. न आले तर माझा जवळजवळ चार महिन्यांचा पगार तांदळाच्या गोणीखाली कायमचा जाणार. मला पैसे परत हवे होते आणि लोकांनी ग्रंथकार म्हणावे असेही वाटत होते. यांतले अधिक कोणते, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर मी खोटे सांगितले असते. दोन्ही गोष्टींसाठी मुलांनी पुस्तक उघडणे जरूर होते, आणि ती उघडत नव्हती. म्हणून तो पैसा.

पहिले तीन दिवस माझा पैसा सुरक्षित राहिला. गुरुवारी मागच्या बाकावरून एक हात वर आला. हा तांडेलाचा, म्हणजे होडीवरच्या मुख्य माणसाचा मुलगा. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात म्हणून कोळीवाड्यातली मुले शाळेत येत. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या की मुलेही जात. वर्गातली निम्मी, सात मुले अशी होती. या मुलाचा हात मी त्याआधी वर गेलेला पाहिला होता तो फक्त तहान लागल्याचे सांगण्यासाठी.

"गुरुजी, बाविसावं गनित खोटं हाय."

"उत्तर चुकलंय?"

"उत्तर न्हाय. गनितच खोटं."

मी गणित मोठ्याने वाचले. सहा कोळ्यांनी मिळून तीनशे साठ बांगडे पकडले आणि वाटून घेतले, तर प्रत्येकास किती मिळाले? उत्तर साठ. यात काय खोटे आहे, असे मी विचारले.

"व्होडी कुटं हाय?"

"होडी गणितात नाही."

"मंग काय पवत गेलं व्हतं सा जनं?"

वर्ग हसला. मी सवयीने छडीकडे पाहिले, पण मुलगा थट्टा करत नव्हता. बोटे मोजत होता. "व्होडीचं दोन वाटं, जाल्याचा एक. तांडेलाचं दोन. बाकी पाच जनांना एकेक. जालं धा. खलाश्याला छत्तीस बांगडं. साठ मिलायला लागलं तर तो व्होडी इकत घेल न्हाय का?"

त्याच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "न देवाचा वाटा?"

"तो पयल्या दिसाला काडतान. रोज न्हाय."

"आमचे व्होडीवर रोज काडतान."

"म्हनून तुमचे व्होडीला बांगडं कमी."

"तुजा बापूस देवाला पन फशिवतंय."

मी मध्ये पडलो नाही. घड्याळ लावून पाहिले, वाद अकरा मिनिटे चालला. भातवाल्या आणि नारळवाल्या घरांतली मुलेही मागे वळून ऐकत होती, आणि दोघांनी तर पाटीवर तीनशे साठला दहाने भागून पाहिले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत भागाकार कोणी आपण होऊन केलेला मी तेव्हा प्रथम पाहिला.

पैसा द्यायचा की नाही हा प्रश्न मी मधल्या सुटीत हेडमास्तरांपुढे ठेवला. माझे म्हणणे असे की, तीनशे साठला सहाने भागले तर साठच येतात, तेव्हा गणित म्हणून त्यात चूक नाही.

हेडमास्तर तपकिरीची डबी उघडत म्हणाले, "मास्तर, तुम्ही पैसा चुकीला लावलात. चूक छापखान्याची की ग्रंथकाराची, हे जाहीर करताना म्हणाला नव्हता. मी हजर होतो. पोस्टमनही होता."

"पण हा काही शुद्धलेखनाचा दोष नव्हे."

"नव्हेच. शुद्धलेखनाचा असता तर बरं होतं. तो पैशात मिटला असता."

मी पैसा दिला. मुलाने तो कनवटीला लावला, आणि दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा मुलांनी पुस्तके उघडली.

त्यानंतर मी जे सोसले ते कोणत्याही ग्रंथकाराच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. माझ्या गणितातला शिडाचा मचवा आठ तासांत मुंबईस जाई आणि आठ तासांत परत येई. मुले म्हणाली, वारा कुठला? जाताना आठ तास लागले म्हणजे येताना तो नाकावर असणार, दोन दिवस धरा. मी मुंबईला नेहमी आगबोटीने गेलेला, मला वाऱ्याशी कर्तव्य नव्हते. एका मुलाचा मामा पेणकडे मिठागरावर होता. त्याने उभे राहून अदबीने सांगितले की, गुरुजींनी चव्वेचाळिसाव्या गणितात आषाढ महिन्यात दोनशे मण मीठ काढले आहे, त्या महिन्यात मिठागर पाण्याखाली असते. नारळवाल्यांनी, माझ्या माडांवर चढणाऱ्या गड्याला मी त्याच्या वाटचा नारळ दिला नाही, हे दाखवून दिले. मी प्रत्येक चूक एका मोठ्या कागदावर मांडून तो वर्गात लावला आणि दर शनिवारी पैसे चुकते केले. भाताच्या पंधरा गणितांत मात्र कोणालाही काही सापडले नाही. हे मी दोनदा मोठ्याने बोलून दाखवले.

ऑगस्टच्या मध्यावर तांडेलाच्या मुलाची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी टोपली होती.

"गुरुजी, तुमी पोराला पैसं देताव?"

मी सगळी हकिकत सांगितली. पोराने चोरी केली असेल या धास्तीने ती आली होती. खुलासा ऐकल्यावर तिने टोपली खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसले. "मंग माजं गनित वाचा. पोर सांगत व्हता, माजं पन हाय म्हनं."

तिचे असे नव्हते. एकसष्टावे गणित कोळणीचे होते, एवढेच. तिने पाच रुपयांस चारशे मासे घेतले, ते सर्व एका आण्यास चार या भावाने विकले, तर नफा किती. मी वाचले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सगलं एकाच भावान?"

"हो."

"सकाली पन चार न दुपारी पन चार?"

"गणितात तसंच असतं."

"मंग तुमचे गनितातलं म्हावरं नासत न्हाय." ती वर्गाकडे वळली. "सकाली चार. उन्हं चढली का सा. बारा वाजलं का मागतील तेवढं. उरलं तं सुकवायचं. न पयले भावान घेनारं गिऱ्हाईक कुनी पायलाय का? गुरुजी, तुमची बायसुद्दा घेत न्हाय."

मुले हसली. हे खरे असल्याचे मी संध्याकाळी घरी विचारून ठरवले. पत्नी म्हणाली, "पहिल्या भावानं घ्यायला मी काय पुस्तक लिहिते?"

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. कोळ्यांची सातही मुले आता गळणार असे मी धरून चाललो होतो. दोन गळली. पाच उरली. सकाळी होडीवरची कामे उरकून, पायांना वाळू तशीच, ती साडेदहाला वर्गात येत आणि आल्या आल्या भिंतीवरच्या कागदात काल किती चुका वाढल्या ते पाहत. दिवाळीपर्यंत आकडा सदतीसवर गेला. सदतीस पैसे म्हणजे नऊ आणे एक पैसा. खर्च किरकोळ होता. पण मंजूर यादीत जाऊ पाहणाऱ्या पुस्तकाचे सदतीस वाभाडे भिंतीवर टांगलेले होते आणि ते टांगणारा मीच होतो.

डिप्टीसाहेब येण्याच्या आदल्या दिवशी हेडमास्तर माझ्या घरी आले. "मास्तर, तो कागद दोन दिवस उतरवून ठेवा."

"तो खरा आहे."

"खराच आहे. पण साहेब देशावरचे आहेत. बांगडा त्यांनी पाहिला असेल तर ताटात, आणि मला वाटतं तिथेही नाही. होडीच्या वाट्याबद्दल ते विचारायचे नाहीत. साठ म्हणजे साठ."

पत्नी आतून म्हणाली, "आधी गोणीखालचं बाहेर जाऊ दे. खरं काय ते नंतरही सांगता येईल."

त्या दोघांचे म्हणणे मला पटले, हे लपवत नाही. चारशे एकसष्ट गुणिले चार आणे म्हणजे एकशे पंधरा रुपये चार आणे. मी सकाळी लवकर शाळेत जाऊन कागद उतरवला, घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला. दिवसभर तो कडक घडीचा कागद छातीला टोचत होता.

डिप्टीसाहेब रेवदंड्याहून बैलगाडीने आले. अंगाने स्थूल, बोलण्यात सौम्य. वाचन, नकाशा, कविता झाली. मग त्यांनी माझे पुस्तक हातात घेतले, बांधणी पाहिली, आणि मधलेच पान उघडून मागच्या बाकाकडे बोट केले.

"तू सांग. सहा कोळ्यांनी मिळून तीनशे साठ बांगडे पकडले आणि वाटून घेतले. प्रत्येकास किती?"

एकशेवीस गणितांत त्यांना बाविसावेच सापडले, आणि उरलेल्या बारा मुलांत तांडेलाचाच मुलगा. तो उभा राहिला. त्याने रिकाम्या भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"साहेब," तो म्हणाला, "पुस्तकातलं सांगू का खरं सांगू?"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे दोन आहेत?"

"व्हय. पुस्तकातलं साठ. खरं छत्तीस."

"कसं ते सांग."

मुलाने सांगितले. साहेबांनी होडीचे दोन वाटे का, असे विचारले. तो म्हणाला, व्होडी फुटली तर नवी कशान बांदायची? जाळ्याचा एकच का, असे विचारले. देवाच्या वाट्याचा वाद पुन्हा निघाला आणि मागची चार मुले एकदम बोलू लागली. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढून पुस्तकाच्या समासात दहा वाटे मांडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ग्रंथकार आपणच ना? असं आणखी किती ठिकाणी आहे?"

आता खिडकीबाहेर पाहण्यात अर्थ नव्हता. मी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मिठागराशी एकदा हसले. कोळणीशी थांबून, "दुपारी खरंच मागतील तेवढे?" असे मुलांना विचारले. मग शेरेबुक मागवले आणि त्यात दोन ओळी लिहिल्या. पहिली: 'सहावीतील मुले हिशेबात असाधारण तयार व जिज्ञासू आढळली.' दुसरी: 'वापरात असलेले पुस्तक शिफारशीस पात्र नाही.'

गाडीत चढताना ते म्हणाले, "नवं लिहा. पुन्हा पाठवा. पण या खेपेला आधी त्यांना विचारा."

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. पत्नीने दोनदा हाक मारली आणि मग पान झाकून ठेवले. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती फक्त म्हणाली, "गोणी आता कायमच्या उंचावर राहिल्या, एवढं बरं झालं."

यानंतर जे झाले ते माझ्या कोणत्याच हिशेबात नव्हते. पोस्टमन रोज चार गावे फिरे, आणि त्याला पत्रांखेरीज बातम्याही वाटायची सवय होती. डिसेंबरात शेजारच्या गावचे एक शिक्षक आले आणि वीस प्रती द्या म्हणाले.

मी म्हटले, "थोडं थांबा. दुरुस्त आवृत्ती काढतो आहे."

"ती नको. चुकांची आहे तीच द्या. आमची पोरंही काही करत नाहीत."

"अहो, पण ती चुकीची आहे."

"म्हणून तर आलो. एक विचारतो, चूक दाखवल्याचे पैसे तुम्ही देता की आम्ही द्यायचे?"

त्यांनीच द्यायचे, असे मी स्पष्ट केले. मार्चअखेर एकशे नव्वद प्रती गेल्या. रक्कम सत्तेचाळीस रुपये आठ आणे. घेणारा प्रत्येक जण आधी विचारी, ही ती खोटीच आहेत ना, मागाहून सुधारलेली नव्हेत? दोन वर्षे खपून लिहिलेल्या पुस्तकाची अशी मागणी ऐकताना कसे वाटते ते मी लिहीत नाही. पैसे मोजून घेतले. गोणी एका बाजूने खाली आल्या.

दुसऱ्या बाजूने मी नवे पुस्तक लिहू लागलो. मासे, भाव आणि वाटे यांसाठी मला तांडेलाच्या बायकोखेरीज गती नव्हती. किनाऱ्यावर गाठून मी तिला विचारले. ती म्हणाली, एका सकाळचे दोन आणे.

"एक आणा."

"एक आन्यात निम्मं खरं सांगन."

दोन आणे ठरले. मी रोजचे रोज देऊ लागलो तर तिने हात मागे घेतला. रोज घेतले तर रोज खर्च होतील, पुस्तक लागले की एकदम द्या, असे ती म्हणाली. हिवाळाभर अधूनमधून मी वही घेऊन तिच्याजवळ वाळूत बसलो. ती मासे निवडता निवडता सांगे आणि माझी गणिते ऐकून मान हलवी. मान आडवी हलली की मी ओळ खोडत असे.

नवे पुस्तक दोनशे प्रतींत निघाले आणि १९३३ साली मंजूर यादीत आले. साहेबांनी त्यात एकही दोष काढला नाही. त्या वर्षीच्या सहावीला मी ते मोठ्या आनंदाने वाटले. मुलांनी पहिले पान पाहिले, दुसरे पाहिले, आणि एकेक करून सगळी खिडकीबाहेर पाहू लागली. आठवड्याने एकाने हात वर केला. मी आशेने विचारले, काय रे? तो म्हणाला, "गुरुजी, जुनं पुस्तक न्हाय का उरलं?" उरली होती. ती आणून दिली. आजही, सात वर्षांनी, आमच्या शाळेत मंजूर पुस्तक कपाटात असते आणि नामंजूर बाकावर.

तांडेलाच्या बायकोचे पैसे मी १९३३च्याच जूनमध्ये तिच्या घरी नेऊन दिले. हजर: ती, तांडेल, आणि बाजाराच्या पिशवीसह माझी पत्नी. दहा सकाळी, दर दोन आणे, एकूण एक रुपया चार आणे. तिने नाणी मोजली आणि पुढे केलेला हात तसाच ठेवला.

"अकरा सकाली."

मी वही उघडून तारखा वाचून दाखवल्या. दहाच होत्या.

"येक दिस व्होड्या उशिरा आल्या," ती म्हणाली. "तुमी येऊन बसलाव. म्हावरं नव्हतं म्हनून बोलनं न्हाय जालं. तुमी काय लिवलं न्हाय. पन माजी सकाल गेली न?"

मी आठवून पाहिले. तसा एक दिवस होता. मी तासभर बसून परत आलो होतो आणि काही लिहिले नाही म्हणून वहीत तारीख टाकली नव्हती. तांडेल जाळ्याची गाठ मारता मारता खाली पाहून हसत होता. पत्नीने पिशवीतून दोन आणे काढून माझ्या हातात ठेवले.

तांडेलाच्या बायकोस दिले: एक रुपया सहा आणे.